हळदोण्याचा ट्रम्पेटवाला

आमच्या आजीचं माहेर हळदोणं. बार्देशातलं, म्हापशाच्या नदीकाठचं गाव. लग्न होऊन ती ठाकुरद्वारच्या चाळीत आली आणि पुढची पन्नास वर्षं दोन खोल्यांत राहिली, पण गाव तिने सोडलं नाही. हळदोण्याच्या मिरचीपुढे तिला दुसरी मिरची चालत नसे. नदीकाठच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा दुपारच्या शांततेत कशी ऐकू यायची, हे ती सांगायची. आणि गावातल्या एका माणसाचा तिला फार अभिमान होता. गंमत अशी की त्या माणसाला तिने जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी रेडिओवर ‘अलबेला’मधलं एखादं गाणं लागलं की तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबायचा.

“तो आमगेलो, हळदोण्याचो,” ती म्हणायची.

भाऊकाका, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, दाराशी बसून पान लावत असायचे. ते म्हणायचे, “वहिनी, गाणं अण्णांचं आहे. सी. रामचंद्रांचं. पुणतांब्याचा माणूस.”

“गाणं अण्णांचं हो भावोजी. पण मधे ते वाजतं ते कोणाचं?”

यावर भाऊकाका गप्प बसायचे. हार मानून नव्हे. त्यांना उत्तर माहीत होतं, आणि ते तिच्याच बाजूचं होतं. भाऊकाका गिरणीत रातपाळी करायचे आणि बोलावणं आलं की दिवसा स्टुडिओत ढोलकी वाजवायचे. मोठे वादक नव्हते. दहाबारा तालवाल्यांत कडेला बसणाऱ्यांपैकी एक. पण गाणं कसं तयार होतं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आजीच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला मिळालं ते त्यांच्याच बोलण्यातून.

आजीचा तो माणूस म्हणजे आंतोनियो शाविएर वाझ. १९१६ साली हळदोण्यात जन्मला. आई लाडाने ‘शिकू’ म्हणायची, लहानगा या अर्थी, आणि त्या पोर्तुगीज हाकेचं पुढे ‘चिक’ झालं असं सांगतात. मुंबईने त्याला ओळखलं ते चिक चॉकलेट या नावाने. ट्रम्पेट वाजवायचा, घोगऱ्या आवाजात गायचा, हातात पांढरा रुमाल ठेवायचा, आणि त्यामुळे लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

हळदोण्यासारख्या गावात, पोर्तुगीज राज्यात, ट्रम्पेट कुठून आला? या प्रश्नाचं उत्तर आजीकडे होतं. इगर्जीच्या शाळेतून. गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत चर्चला जोडून शाळा असे, आणि तिथला मास्तर, ज्याला ‘मेस्त’ म्हणत, पोरांना प्रार्थनेबरोबर सोल्फेज शिकवी. दो, रे, मी, फा. आधी वाचायला शिकायचं आणि मग वाद्य हातात घ्यायचं. व्हायोलिन बहुतेकांच्या वाट्याला येई, काहींच्या वाट्याला क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट. पाच रेघांवरचे ठिपके वाचता येणं ही या मुलांसाठी मोठी विद्या नव्हती. बाराखडीसारखीच एक गोष्ट होती. आजी हिंदू घरातली, तिला त्या शाळेत कोण घेणार? पण संध्याकाळी गावातल्या घराघरांतून तेच तेच धडे घोटले जाताना ऐकून तिला ते पाठ झाले होते. सत्तरी ओलांडल्यावरही ती दो-रे-मी चढउतार बिनचूक म्हणायची. कुठलाही राग तिला ओळखता येत नसे.

गावात वाद्य शिकता यायचं, पोट भरता यायचं नाही. माणसं बोटीवर जात, आफ्रिकेत जात, आणि बरीचशी मुंबईला येत. धोबीतलावापासून ठाकुरद्वारापर्यंतचा आमचा भाग या लोकांनी भरलेला होता. जेर महालसारख्या इमारतींत गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. कूड म्हणजे गावकीची खोली. प्रत्येकाची एक पेटी, पेटीवर अंथरूण, भिंतीशी गावच्या संताची तसबीर, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. खलाशी, आचारी, शिंपी आणि वाजंत्री, सगळे एकाच छपराखाली. कोंकणी तियात्राचा, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या नाटकाचा, पहिला प्रयोगही गोव्यात झाला नाही. तो १८९२ साली मुंबईत झाला. आजी कुडीतल्या ओळखीच्या माणसांबरोबर माहेरी चिठ्ठ्या आणि साबणाच्या वड्या पाठवायची, आणि येताना तिच्यासाठी मिरच्या यायच्या.

त्या कुडींपासून ताजमहाल हॉटेल चालत अर्ध्या तासावर, आणि तिथे १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. वेदरफोर्डने शिकागोत खुद्द आर्मस्ट्राँगबरोबर एकाच वाद्यवृंदात वाजवलं होतं. म्हणजे मुंबईच्या पोरांना हे संगीत फक्त तबकड्यांवरून मिळालं नाही. त्या परंपरेतली जिवंत माणसं त्यांनी समोर पाहिली, काहींनी त्यांच्या शेजारी बसून वाजवलं. अमेरिकेत त्या माणसांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हतं. इथे साहेब आणि संस्थानिक त्यांच्या तालावर नाचत होते. युद्ध आलं, परदेशी वादक पांगले, वेदरफोर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर गोवेकर बसले. मिकी कोरिया ताजमध्ये १९३९ पासून वीसएक वर्षं बँड चालवत होता. आणि चिकचा बँड उभा राहिला.

जॅझमध्ये ट्रम्पेट म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या वाद्याला कळा तीनच. तीन कळांत सगळं सप्तक बसत नाही. उरलेलं ओठांनी करायचं असतं. तीच कळ दाबून ओठ आवळले की वरचा सूर, सैल सोडले की खालचा. ओठ थकले की वादक संपला. हार्मोनियमवाला म्हातारपणी वाजवू शकतो, ट्रम्पेटवाल्याला दात पडले की हात जोडावे लागतात. त्यात घशातून गुरगुरत फुंकलं की सुराला काटे येतात, तोंडाशी म्यूट लावला की तो दूर गेल्यासारखा, रुसल्यासारखा ऐकू येतो. आर्मस्ट्राँगने या पितळी नळीला माणसासारखं बोलायला लावलं. चिकने त्याची नक्कल केली असं काही जण तुच्छतेने लिहितात. मला ते पटत नाही. आपल्याकडे गुरूचा गळा शिष्याच्या गळ्यात उतरला तर आपण माना डोलावतो. मग हळदोण्याच्या मुलाने हजारो मैलांवरच्या गुरूचा दम आपल्या छातीत उतरवला, त्याला नक्कल का म्हणायचं?

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री ताजमध्ये मिकी कोरिया आणि चिक चॉकलेट या दोघांचे बँड वाजत होते. बाहेर मुंबई रस्त्यावर उतरलेली. भाऊकाका आणि आजोबा ट्रकवर चढून रोषणाई बघत फिरले, फोर्टपासून दादरपर्यंत, आणि पहाटे घसा बसवून परत आले. आजी तान्ह्या मुलाला, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गॅलरीत उभी होती. त्या रात्रीचं सगळे आनंदाने सांगायचे, आजी मात्र एवढंच म्हणायची, “माझं माहेर राहिलंच की.” गोवा मुक्त व्हायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. त्या मध्यरात्री ताजमध्ये स्वतंत्र भारतासाठी ट्रम्पेट फुंकणाऱ्या माणसाचं गाव अजून चौदा वर्षं पोर्तुगालच्या ताब्यात राहणार होतं.

हॉटेलांतले सुगीचे दिवस फार टिकले नाहीत. इंग्रज गेले, संस्थानं गेली, १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, आणि नाचगाण्याची गिऱ्हाइकं आटली. वाजवणाऱ्यांना दुसरं दार हवं होतं. ते दार सिनेमाचं होतं, आणि ते ज्यांनी सताड उघडलं त्यांत अण्णा चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, पहिल्या रांगेत. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला, रागदारीत मुरलेला हा मराठी माणूस. पण त्याचे कान पाश्चात्त्य चालींकडे लहान मुलाच्या कुतूहलाने लागलेले असत. चिक चॉकलेट अण्णांचा साहाय्यक झाला. दुसरा साहाय्यक जॉन गोम्स, तोही गोवेकर. १९५० चा ‘समाधी’, १९५१ चा ‘अलबेला’, १९५७ चा ‘आशा’. ‘आशा’तल्या ‘ईना मीना डीका’ या गाण्याच्या निरर्थक बोलांत कोंकणीतला नकार चक्क जाऊन बसला आहे, हे कोंकणी कानाला पहिल्यांदा ऐकतानाच कळतं. आजी ते ऐकून पदर तोंडाला लावून हसायची.

आता भाऊकाकांच्या सांगण्याकडे येतो, कारण ‘साहाय्यक’ या शब्दाखाली काय काय दडलं होतं ते त्यांच्याइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

ते म्हणायचे, संगीतकार पेटी घेऊन चाल म्हणून दाखवी. मुखडा, अंतरा. चाल म्हणजे एक रेघ. गायिका ती रेघ उचलायची, आम्ही ठेका धरायचो. आमच्या परीने गाणं झालं. पण तिथे वीस व्हायोलिनं, चार सॅक्सोफोन, दोन-तीन ट्रम्पेट आणि एक चेलो हात बांधून बसलेले असायचे. त्यांनी काय वाजवायचं? गाणं सुरू होण्याआधी काय, दोन कडव्यांमधे काय, गायिका श्वास घेते तेवढ्या फटीत काय? ते सगळं एक जण रात्री बसून कागदावर लिहून आणायचा. प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा. तो अरेंजर.

कागद वेगळा का, हे मला पुढे एका जाणकाराने समजावून सांगितलं. ट्रम्पेटवर जो सूर ‘सा’ म्हणून लिहिला जातो तो प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खाली वाजतो. गायिकेचा सा पांढरी एकला असेल, तर ट्रम्पेटच्या कागदावर तो पांढरी दोनला लिहावा लागतो. आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर तोच पांढरी सहाला. व्हायोलिनला जिथल्या तिथे. अरेंजरच्या डोक्यात एकाच वेळी तीनचार वेगळ्या पट्ट्या चालू असतात, आणि कानात मात्र एकच गाणं. शिवाय आपलं संगीत एका सुराच्या मागून दुसरा सूर असं चालतं, तर हार्मनी म्हणजे एका वेळी अनेक सूर. भैरवीतल्या चालीखाली चुकीचा कॉर्ड ठेवला तर भैरवी मरते. रागही जगवायचा आणि खाली पाश्चात्त्य सुरांची बैठकही घालायची, हे काम ज्यांनी केलं त्यांना कुठल्याही विद्यापीठाने ते शिकवलं नव्हतं. करता करता त्यांनीच ते शास्त्र बनवलं.

ध्वनिमुद्रण त्या काळी एकाच दमात. माइक एक, फार तर दोन. गायिका माइकपाशी, तबला-ढोलकी जवळ, व्हायोलिनं त्यामागे, आणि ट्रम्पेटवाले पार भिंतीला टेकून, कधी दाराबाहेरसुद्धा, कारण त्यांचा आवाज सगळ्यांना गिळायचा. भाऊकाकांच्या आठवणीतले ट्रम्पेटवाले म्हणून नेहमी लांबच असत. “पण टेक चुकला तर त्यांच्यामुळे कधी चुकायचा नाही,” ते सांगायचे. “आम्हाला पीस चार वेळा ऐकून पाठ करावा लागे. ते येत, कागद उलगडत, वाजवत, कागद घडी घालून जात. मला वाटायचं, हे लोक मंत्र वाचतात.” तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटं मावत, आणि कुणी चुकलं की ती सगळी पहिल्यापासून वाजवावी लागत. चौदाव्या टेकलाही त्यांचा तोच पीस, तसाच.

आणि पडद्यावर नाव संगीतकाराचं. अरेंजरचं आलंच तर साहाय्यक म्हणून, बारीक अक्षरात, नृत्य-साहाय्यक आणि वेशभूषेच्या आसपास. तबकडीवर तर तेही नाही.

यात कुणा एकाचा दोष मी शोधत नाही. चाल ज्याची त्याचं गाणं, ही आपली रीत होती, आणि अण्णांनी चिकला लपवलं तर मुळीच नाही. उलट ‘अलबेला’त भगवानदादांच्या नाचाबरोबर चिक आणि त्याचा बँड पडद्यावरच दिसतो, झालरी लावलेल्या बाह्यांच्या पोशाखात. गिरणी कामगाराचा मुलगा असलेले भगवानदादा, पुणतांब्याचे अण्णा आणि हळदोण्याचा चिक, या तिघांनी मिळून केलेला तो उत्सव आहे. भाऊकाकांनी तो गिरगावातल्या थिएटरात सहा वेळा पाहिला. ‘शोला जो भडके’ सुरू झालं की पुढच्या रांगेतली माणसं उठून नाचत, पडद्यावर पैसे उडवत, असं ते सांगायचे. रातपाळी करून आलेल्या माणसांना त्या बोंगोने आणि ट्रम्पेटने पायावर उभं केलं. जॅझ ही श्रीमंतांची चैन आहे असं मला कुणी सांगितलं की मला गिरगावातल्या थिएटरातली ती पुढची रांग आठवते.

संगीतकार म्हणूनही चिकला स्वतंत्र चित्रपट मिळाले. १९५१ चा ‘नादान’, १९५२ चा ‘रंगीली’, १९५६ चा ‘कर भला’. देव आनंद आणि मधुबालाच्या ‘नादान’वर संगीतकार म्हणून त्याचं नाव आहे, पण तिथून पुढे त्याची गाडी धावली नाही. १९६७ मध्ये तो गेला. वय अवघं एकावन्न.

तो एकटा नव्हता. रैश मागूशचे सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनची आणि ओ. पी. नय्यर यांची गाणी सजवली, तीही वर्षानुवर्षं. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांनी अनिल विश्वासांसारख्यांना साथ दिली आणि पुढे पदरमोड करून ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपट काढले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर सिम्फनी रचून सेंट झेवियर्स कॉलेजात मोठ्या वाद्यवृंदासह सादर केली. त्यांचा शिष्य संगीतकार प्यारेलाल. गुरूचं नाव त्याने १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात घातलं, आणि देशभर लोक ते नाव गुणगुणू लागले, ते एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं आहे हे न कळता. त्याच प्यारेलालचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रम्पेट वाजवत आणि कित्येक मुलांना नोटेशन शिकवत. एवढी माणसं, एवढं काम. त्यांच्यावर मराठीत धड एक जाड पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, याची मला खंत वाटते, कारण ही माणसं आमच्या गल्लीतली होती.

भाऊकाका गेले तेव्हा त्यांची ढोलकी माझ्याकडे आली. खोळीच्या आतल्या कप्प्यात चार घड्या घातलेला एक कागद सापडला. पिवळा पडलेला, पाच-पाच रेघांचा, शाईने लिहिलेला. कुणी तरी गोवेकर वादक स्टुडिओत विसरला असावा, आणि भाऊकाकांनी मंत्र म्हणून तो जपला असावा. वाचता तर येत नव्हता.

मी तो गिरगावातल्या एका चर्चमधल्या वयस्क ऑर्गनवादकाकडे नेला. त्यांनी चष्मा पुसला, कागद स्टँडवर लावला आणि वाजवू लागले. चार मात्रा गप्प. मग तीन सूर. परत आठ मात्रा गप्प. मग एक लांब सूर, त्याला वळण, आणि पुन्हा शांतता. मी ओळखण्याचा प्रयत्न करत होतो. त्यांनी मान हलवली. “हा दुसऱ्या ट्रम्पेटचा कागद आहे,” ते म्हणाले. “यात गाणं नाही. गाण्याच्या मधल्या जागा आहेत.” कागदावर चित्रपटाचं नाव नव्हतं, गाण्याचं नव्हतं, लिहिणाऱ्याचं नव्हतं. वरच्या कोपऱ्यात वाद्याचं नाव आणि खाली, शेवटच्या रेघेपाशी, चहाच्या कपाचा गोल डाग.

आजी तेव्हा नव्हती. असती तर तिने कागदाकडे न बघताच सांगितलं असतं की तो हळदोण्याचा आहे. मला तसं म्हणता येत नाही. तो चिकच्या हातचा असण्याचं काहीच कारण नाही. असे कागद रोज शेकड्यांनी लिहिले जात आणि काम झालं की टाकले जात. पण कुणी तरी एका रात्री, बहुधा कुडीतल्या पेटीवर पालथं पडून, ते तीन सूर तिथेच हवेत असं ठरवलं होतं.

गिरगावात, दादरला, वांद्र्याला, म्हापसा-मडगावला अजून अशी घरं आहेत जिथे आजोबा किंवा काका स्टुडिओत वाजवायला जात होते. माळ्यावरच्या ट्रंकेत असे कागद असतील, वह्या असतील, मागे तारीख लिहिलेला एखादा फोटो असेल. घर रिकामं करताना ते रद्दीत घालू नका. आधी कुणाकडून तरी वाजवून घ्या, आणि घरात अजून कुणी म्हातारं माणूस असेल तर वाजताना त्याला शेजारी बसवा. माझ्याकडचा कागद मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ढोलकीच्या खोळीतच ठेवला आहे. ज्याला त्या जागा ओळखता येतील असं वाटतं, त्याने येऊन तो जरूर बघावा.